बँकॉकची लेन्स

बँकॉक,
२१ जानेवारी २०२५

प्रिय भरतेशदादा,

ब्राह्मीचा जय जिनेंद्र. दीपाली वहिनीला नमस्कार आणि छोट्या अरिहंतला गोड पापा. साताऱ्यात थंडी कशी आहे? इथं जानेवारीत आपल्याकडच्या एप्रिलसारखा घाम निघतोय.

वरचं गावाचं नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. म्हणूनच फोन केला नाही. फोनवर कॅमेऱ्याचा नाहीतर बँकॉकचा विषय निघाला की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्र असं मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की आपल्या खताच्या दुकानानं यंदाही कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं आणि डीलर लोकांच्या सहलीत एक जागा मिळाली. अण्णांचे गुडघे म्हणतात आता विमान नको. आई म्हणाली, "जागा वाया कशाला घालवायची? ब्राह्मीला पाठवा." दोन दिवसांनी अण्णा एकदम म्हणाले, "पासपोर्ट हाय का तुझा?" पासपोर्ट मी मागच्याच वर्षी काढून ठेवला होता. का काढला, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बसमध्ये सगळे काका लोक आणि मी एकटी बाई. सांगली, मिरज, तासगाव, कराड, सगळीकडचे डीलर आहेत. ताकारीचे वीरधवलकाकाही आहेत. हो, तेच, तुझी टिंगल करणारे. पहिल्या दिवशी मला बघून म्हणाले, "धनपालअण्णानं पोरीला धाडलं व्हय? बरं केलं. पर भावासारखी खरेदी करू नगंस हं!" सगळी बस हसली. मी पण हसले. काय करणार?

जेवणाची पंचाईत आहे. आईनं दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यावर माझं चाललंय. दिवस मावळायच्या आत खायचं तर इथला सगळा कार्यक्रम संध्याकाळनंतरच सुरू होतो. पण हाल नाहीत. फळं सुरेख मिळतात.

तुझा जुना कॅमेरा, तू "विकून टाक" म्हणाला होतास तो, सोबत आणलाय. विकला नव्हता. देवळांचे फोटो काढतेय. खरेदीबिरेदीचा काही विचार नाही, उगाच काळजी करू नकोस.

तू गेला होतास ते दुकान शहराच्या कुठल्या भागात होतं, ते तू कधीच कुणाला सांगितलं नाहीस. असू दे. सहज आठवलं.

उद्या मोकळा दिवस आहे. वीरधवलकाकांना नातवासाठी काहीतरी घ्यायचंय, त्यांच्याबरोबर बाजारात जाईन म्हणते.

रिसेप्शनवरची मुलगी हे पत्र पोस्टात टाकते म्हणाली आहे. तुला मिळेपर्यंत मी आष्ट्यात पोचलेली असेन.

खूप काही न लिहिलेली,
तुझी ब्राह्मी

* * *

आष्टा,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

बँकॉकचं पत्र मिळालं असेल, नाहीतर वाटेत असेल. त्यात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण निम्मं गाळलं होतं. आज सगळं लिहिते. मधेच घडी घालून ठेवू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

मी त्या सहलीला गेले ती लेन्स आणायला. तीच, लांब पल्ल्याची, जी लावून तुला कृष्णेच्या पलीकडच्या काठावरचे पक्षी टिपायचे होते. वर्षभर मी किमती बघत होते. सांगलीत विचारलं, पुण्यातल्या तीन दुकानांत विचारलं, बँकॉकच्या दुकानांचे भाव रोज फोनवर बघितले. त्यात एक गंमत कळली. नवी लेन्स तिकडून आणली आणि इथला कर भरला, तर पुण्याच्या भावापेक्षा काही स्वस्त पडत नाही. गॅरंटीही तिकडचीच राहते. फायदा आहे तो वापरलेल्या लेन्समध्ये. तिकडं लोक वर्ष-दोन वर्षं वापरून चांगला माल विकून टाकतात आणि तो तपासून विकणारी नावाजलेली दुकानं आहेत. अशा एका दुकानाशी मी इथूनच बोलून ठेवलं होतं. त्यामुळे कुठल्या अनोळखी दुकानात शिरायची मला काही गरज नव्हती.

तरी मी शिरले. ते ऐक.

त्या मोकळ्या दिवशी वीरधवलकाका आणि मी एक मोठं देऊळ बघायला निघालो. दारापासून थोडं अलीकडे एक नीटनेटक्या कपड्यातला माणूस भेटला. म्हणाला, आज पूजा आहे, देऊळ दुपारपर्यंत बंद. तोवर कॅमेऱ्यांचा सरकारी सेल बघून या, आज शेवटचा दिवस. बाजूलाच रिक्षा उभी, भाडं अगदी नावापुरतं. मी काकांना म्हटलं, "काका, हे फसवायचं काम आहे. मी वाचलंय." काका म्हणाले, "आगं, बघायला काय पैसं पडत्यात? माझ्या शिवतेजला कॅमेरा घ्यायचाच हाय."

मी ओढून त्यांना परत नेऊ शकले असते. नाही नेलं. मला बघायचं होतं दादा. तुझ्याबरोबर त्या दिवशी नेमकं काय झालं, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. तेच दुकान होतं की दुसरं, मला माहीत नाही.

मला वाटलं होतं एखादी अंधारी बोळ असेल, घासाघीस करणारी गुंड माणसं असतील. तसलं काही नव्हतं. काचेचं दुकान, गार हवा, बसायला खुर्च्या, थंड पाणी. मालक हिंदी बोलत होता. काकांना "बाबूजी" म्हणाला, सांगलीचं नाव काढल्यावर "हळद!" म्हणून टाळी दिली. भावही पाण्यासारखा स्वस्त सांगितला नाही, की माणसाला संशय यावा. बाजारापेक्षा थोडासाच कमी. आणि कॅमेरा काढून काकांच्या हातात दिला तो एकदम खरा. मी स्वतः तपासला. काच बघितली, बटणं दाबली, फोटो काढून बघितले, नंबराचा माझ्या फोनवर फोटो घेतला. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. दादा, मी घ्यायला म्हणून आले असते तर मीही पैसे दिले असते.

काकांनी कार्ड दिलं, सही केली. मग मालक म्हणाला, "बाबूजी, गॅरंटीचा शिक्का मारून आणतो," आणि बॉक्स घेऊन पडद्यामागे गेला. आला तेव्हा बॉक्सवर चारी बाजूंनी कंपनीची चकचकीत पट्टी. "सील केलाय. भारतात गेल्यावरच उघडा, नाहीतर गॅरंटी जाईल."

तूही बॉक्स असाच सीलबंद आणला होतास. अण्णांच्या दुकानात, सगळ्या लोकांसमोर, आईनं हळदकुंकू वाहिल्यावर उघडला होतास. आत निघाली ती बुरशी धरलेली, निकामी लेन्स. सगळे म्हणाले, घेताना बघून घ्यायची अक्कल नव्हती का? पाडव्याआधी तू तुझ्या फोटो स्टुडिओचं शटर ओढलंस आणि साताऱ्याला कंपनीत स्टोअर सांभाळायला निघून गेलास.

तू नीट बघितली होतीस दादा. तू बघितलीस ती लेन्स खरीच होती. इतकी वर्षं तू स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास धरून बसलास, आणि तुझ्या डोळ्यांची काही चूकच नव्हती.

मी उठून म्हणाले, "बॉक्स इथंच उघडा."

मालक हसला. "मॅडम, विश्वास ठेवा."

"विश्वास आहे. म्हणूनच उघडा."

तो नको म्हणायच्या आत मी किल्लीनं पट्टी फाडली. आत कॅमेरा होता. तसाच दिसणारा, पण कडा घासलेल्या आणि नंबर वेगळा. मघाशी काढलेल्या फोटोत पहिल्याचा नंबर होता, तो मी काकांसमोर धरला. काकांचा चेहरा बघवेना.

मालकाचं हसू गेलं. आवाज चढला. आतून आणखी एकजण येऊन दारात उभा राहिला. काका माझा हात धरून हळूच म्हणाले, "चल पोरी, जाऊ दे पैसं. परक्या मुलखात भांडान नगं." पण मी खुर्चीवर परत बसले. पर्यटकांसाठी तिथं वेगळे पोलीस असतात, त्यांचा नंबर मी आधीच फोनमध्ये घेऊन ठेवला होता. तो लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून बाई इंग्रजीत बोलायला लागली. मी दुकानाची पाटी वाचून दाखवायला सुरुवात केली, तसा मालक दोन्ही हात हलवत आला. कार्डाचे पैसे जागच्या जागी परत फिरवले. काकांच्या फोनवर मेसेज आल्यावरच मी उठले. बाहेर येऊन त्या पोलीस बाईला सगळं सांगितलं, ती माणूस पाठवते म्हणाली. पुढं काय झालं, माहीत नाही.

परतीच्या रिक्षाचं भाडं काकांनी मला देऊ दिलं नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. काकांनी उठून माइक हातात घेतला. मला वाटलं गाणं म्हणतात. तर म्हणाले,

"मंडळी, आज मला गंडवलंच हुतं. ह्या धनपालअण्णाच्या पोरीनं वाचिवलं. आनि आनखी एक सांगायचं हाय. भरतेश फसला तवा सगळ्यात जास्त मी हसलो. बैठकीत भेटला की इचारायचो, लेन्स दिसतीय का म्हनून. आज माझ्याच डोळ्यांदेखत झालं आनि मला कळलं न्हाई. त्या पोरानं माझ्यापरीस धा पट नीट बघून घेतलं असंल. इथनं फुडं त्याचं नाव काडून कुनी हसलं, तर त्यानं आदी माज्यावर हसायचं."

मग मिरजेच्या एका काकांनी टाळी वाजवली, आणि एकेक करत सगळ्यांनी. मी खिडकीबाहेर तोंड केलं. ती टाळी तुझी होती, आणि तू तिथं नव्हतास.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या ठरलेल्या दुकानात गेले. काका बरोबर आले, न बोलावता. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर छोटीशी खोली, मालकीण म्हातारी, कमी बोलणारी. मी विचारायच्या आत तिनं छोटी बॅटरी माझ्या हातात दिली. म्हणजे, बघून घे. काचेतून उजेड टाकून बुरशी बघितली, कडा बघितल्या, आपल्या कॅमेऱ्याला लावून समोरच्या गच्चीवरची कबुतरं टिपली. एकेक पीस मोजता यावं असा फोटो आला! भावात तिनं फार सोडलं नाही, पण लेन्सची पिशवी वर दिली आणि बिलावर स्वतःच्या हातानं गॅरंटी लिहून दिली. लेन्स मी छातीशी धरून आणली. मुंबईला उतरल्यावर आपण होऊन कस्टमच्या माणसाला बिल दाखवलं. "सवलतीत बसतंय, जा," म्हणाला.

आता उरलेलं सांगते.

लेन्स माझ्या कमाईची आहे. गेलं वर्षभर तुझा स्टुडिओ मी चालवतेय. शटर उघडलं, जाळ्या काढल्या, पाटी तुझ्या नावाचीच ठेवली. आधी पासपोर्टचे फोटो, मग बारशी, मग लग्नं. मागच्या महिन्यात तर बागणीचं एक लग्न एकटीनं केलं. तुला विचारलं नाही, कारण तू "नको" म्हणाला असतास आणि मला तुझा शब्द मोडावा लागला असता. अण्णांना माहीत होतं. "त्याला मीच सांगतो," म्हणायचे, आणि फोन हातात आला की पावसापाण्याचं विचारून ठेवायचे.

तेव्हा ही लेन्स तुला भेट म्हणून आणलेली नाही. माझी आहे. मागितलीस तर वापरायला देईन.

काल पहाटे ती घेऊन नदीवर गेले. निघताना बघते तर अण्णा कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून दारात उभे. ह्या सगळ्याला पोरखेळ म्हणणारे आपले अण्णा! दुखऱ्या गुडघ्यांनी घाट उतरले, माझ्या शेजारी ओल्या दगडावर बसले. धुकं वर गेलं आणि पलीकडच्या वाळूवर एक पक्षी उतरला. मी लेन्स फिरवायला लागले, तर अण्णांनी माझ्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाले, "हलू नगंस. बसलाय त्यो." पंधरा-वीस फोटो मिळाले. त्यांनी स्क्रीनवर एकेक बघितला. मग नदीकडं बघत म्हणाले, "भरतेशला नाव ठावं असंल ह्याचं."

अण्णा एवढंच बोलले, पण तुला मी अण्णांना ओळखायला शिकवायला नको.

त्यातला एक फोटो पाकिटात घातलाय. लांब वाकडी चोच, डोक्यावर फिकट पट्टा. पुस्तकात बघितलं, नेटवर बघितलं, दोन नावांपाशी येऊन थांबलेय. मला खरंच ओळखता येत नाही. फोनवर सांगू नकोस. हे पक्षी अजून काही दिवस तिथंच असतील. येऊन, बघून सांग.

वाट बघणारी तुझी धाकटी बहीण,
आणि भरतेश फोटो स्टुडिओची सध्याची मालकीण,
ब्राह्मी