बोटभर वाढ

४ जून

अखिलवजनमापनिरीक्षकचक्रचूडामणी, खोट्या तराजूंचा कर्दनकाळ, षट्फुटोन्नत, मधुमेहाशी सन्मान्य तह केलेला, एकपत्नीशासित आणि नुकताच सेवानिवृत्त असा मी, आज सहकुटुंब सहपरिवार (परिवार म्हणजे दोन ट्रंका) या ग्रामीण प्राचीन गृहात प्रविष्ट झालो. महाद्वाराची वरची कडी इतकी उंच, की कुटुंबाचा हात पोहोचेना. मी टाचही न उचलता ती काढली आणि विजयी मुद्रेने पाहिले. ती म्हणाली, चला, या उंचीचा संसारात एकदा तरी उपयोग झाला.

६ जून

स्वयंपाकघराच्या चौकटीवर चाकूने पाडलेल्या आडव्या खाचा आढळल्या. गुडघ्यापासून थेट माझ्या छातीपर्यंत. कोणा बालकाची वाढ नोंदलेली दिसते. परंतु अंतर बोटाबोटाचे! प्रमाणित एकक नाही, तारीख नाही. ज्याने आयुष्यभर खोटी मापे जप्त केली, त्याच्याच घरात हा अनाचार? रंधा मारून खाचांचे निर्मूलन केले, रोगण दिले, पोलादी टेपेने अंकन केले आणि आद्य मानक म्हणून स्वतःची उंची कोरली. कुटुंबाचा अभिप्राय : रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी.

९ जून

खिडकी दुरुस्त करायला आलेल्या सुताराने चौकट पाहिली आणि हत्यारांची पिशवी पुन्हा खांद्याला लावली. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्याने इतिहास कथन केला. या घरातलं एकुलतं पोर तापानं गेलं. आई मात्र दरवर्षी एक बोट वर खाच पाडायची. माझं पोर वाढतंय, म्हणायची. तिच्यामागे जो राहायला आला, त्यानं ती रीत सांभाळली. साहेब, त्या पोराला वाढ द्यावी लागते. नाही दिली, तर ते घेतं. आणि तुम्ही तर कुणाची घ्यायची, तेही कोरून ठेवलंत.

मी यास लोकभ्रम असे संबोधले. तो चहाला थांबला नाही.

१० जून

कुटुंब भावाकडे गेले. सोळा तारखेस प्रत्यागमन. निघताना म्हणाली, पोक काढून चालू नका, म्हातारे दिसता. मी पोक काढलेले नव्हते.

दोरीवर वाळत घातलेला पायजमा नाहीसा झाला आहे. उरलेला टाचेखाली येतो. शिंप्याला निरोप धाडला.

१२ जून

चौकटीवर नवी खाच. जुन्या जिथे संपल्या होत्या, तिथून बोटभर वर. मी पाडलेली नाही.

स्वतःस मोजले. मानकापेक्षा एक बोट कमी. टेप सदोष असावी. दुसरी लावली. दोन्ही टेपा एकाच मापाने खोटे बोलत नसतात, हे मीच आजवर दुकानदारांना सुनावत आलो.

१४ जून

खाचांची ओळ. जमिनीवर लाकडाचा ताजा भुसा. जितकी ओळ वर चढते, तितकाच मी—

हवी तर देतो, म्हणून स्वहस्ते खाच पाडू लागलो. चाकू लाकडात शिरत नाही. आता मी दिलेली वाढ त्याला नको आहे.

शिंपी आलेला नाही.

१५ जून

सुताराकडे जायला निघालो. वरच्या कडीला हात पुरत नाही. स्टूल माळ्यावर आहे. मी ठेवलेले नाही. टेबल, ट्रंका जागच्या हलत नाहीत. खिडक्यांना गज.

हाका मारल्या. आवाज पोरासारखा निघतो.

१६ जून

ती दाराशी आली आहे. अहो, कडी काढा, म्हणते. मी ओरडलो. तिने विचारले, आत कोणाचं पोर रडतंय?

शेवटची खाच माझ्या कोरलेल्या रेषेवर—

कोणीतरी माझ्या शेजारून गेले. अंगात माझा हरवलेला पायजमा. बरोबर घोट्यापर्यंत. टाच न उचलता कडी काढली.

ती त्याला म्हणाली, बरं झालं, पोक गेलं तुमचं.

मी टेबलाखाली आहे. तिला गाठलेच पाहिजे, ती त्याच्याबरोबर आतल्या खोलीकडे— पण धावू गेलो की हा पायजमा पायात येतो, दोनदा आपटलो, आणि तो शिंपी, चार वेळा निरोप धाडूनही, अजून