माझं अनुमोदन आणि कमलची गच्ची

परळ, मुंबई

माझा जुना शेजारी आणि मित्र हेमचंद्र यास दौलतचा मनापासून नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. गणपतीनंतर लिहायचं म्हणत होतो, दिवाळी उलटली. फोन का नाही केला म्हणशील, तर माझे कान असे झालेत की फोन स्पीकरवर टाकावा लागतो. स्पीकरवर टाकला की कमल ऐकते, आणि हल्ली बायकोने ऐकावं असं माझ्याकडे काही नाही. नाशिकची थंडी तुझ्या गुडघ्याला सोसते ना? अवधूत आणि सूनबाई बरे असतील. त्यांच्या सोसायटीत सभा होतात का रे? तिथले लोक कसे आहेत? (म्हणजे तू राहायला गेल्यापासून कसे आहेत?)

आता घडलं ते सांगतो, रागावू नकोस. आपल्या सोसायटीत ठराव कोणीही मांडो, अनुमोदन माझं, हे तुला ठाऊक आहे. गिरणीच्या गेटसभेपासूनची सवय. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं नाव दर सभेच्या इतिवृत्तात येतं, याचं मला बरंही वाटायचं. सेक्रेटरी नुसते माझ्याकडे बघायचे की मी म्हणायचो, "अनुमोदन!" मग तू उठायचास, "माझा विरोध आहे." जिन्याच्या रंगाला विरोध, टाकीच्या झाकणाला विरोध, पूजेच्या प्रसादात केळं घालायलासुद्धा विरोध. सभा लांबायची, आणि मी मनातल्या मनात तुला जे म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत आयत्या वेळचे विषय निघाले ते बटाटेवडे आल्यावर. आपला नवा अध्यक्ष यशोधन (तळमजल्यावरच्या नम्रताताईंचा मुलगा) उठला आणि म्हणाला, पुनर्विकास पुरा होईपर्यंत निवडणूक नको, दर गोष्टीला सभा नको, सगळे अधिकार अध्यक्षाकडे द्या, कामं पटापट होतील. कमल माझ्या शेजारीच होती. बोलायला उभी राहिली, पदर खोचला, घसा साफ केला. तेवढ्यात सेक्रेटरींनी सवयीने माझ्याकडे बघितलं. तोंडात अर्धा वडा असूनही शब्द बाहेर पडलाच. टाळ्या झाल्या. कमल अजून उभी. मी घाबरून तुझ्या खुर्चीकडे बघितलं, तर तिच्यावर लोकांनी ओल्या छत्र्या ठेवलेल्या.

यशोधन वाईट मुलगा असता तर सोपं होतं. तो चांगला आहे, हीच पंचाईत. कमलच्या छातीत दुखलं तेव्हा त्यानेच तिला उचलून गाडीत घातलं. माझा हयातीचा दाखला दरवर्षी तोच मोबाइलवर काढून देतो. (मी जिवंत आहे हे सरकारला त्याच्यामुळे कळतं, मग त्याच्या विरोधात कोणत्या तोंडाने बोलू?) लिफ्ट बंद पडत नाही, पाणी वेळेवर येतं. फक्त एके दिवशी गच्चीला कुलूप लागलं, ते अजून आहे. तिथे मोबाइलचा टॉवर बसणार म्हणतात. कोण म्हणतं ते कळत नाही, कारण विचारायला जागा नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आता फक्त ॲडमिन लिहितो, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. खाली वळलेला अंगठाही असतो म्हणे, पण तो कोणी दाखवला हे सगळ्यांना दिसतं.

गच्ची म्हणजे कमलचा जीव. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं तिथेच, आमसुलं वाळवणं तिथेच, चौथ्या मजल्यावरच्या मायाशी भांडणंही तिथेच. आता ती गॅलरीत दारापासून कठड्यापर्यंत जाते आणि परत येते. रस्त्यावर चाल म्हटलं तर म्हणते, फुटपाथ दाखवा, चालते. तिला पुन्हा धाप लागायला लागली आहे. मला झोप येत नाही.

शेवटी धीर करून यशोधनकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "काका, काकूंना जायचं असेल तेव्हा मला एक फोन करा, मी कुलूप काढून देतो. घरचंच आहे!" मी खुशीत घरी आलो आणि सांगितलं. कमल भाजी चिरत होती, वरसुद्धा न बघता म्हणाली, "गच्ची आपल्या सगळ्यांची. मग मी फोन कशाला करू?" मी म्हटलं, अगं, तो नाही म्हणत नाही. तर म्हणाली, "आज नाही म्हणत. उद्या म्हणाला तर कुठे जाऊ, तुमच्याकडे?"

मग तिची समजूत काढायला हिंदमाताला जाऊन साडी आणली. रंग आवडला का विचारलं, तर म्हणे, "असू दे. या घरात पसंती विचारायची पद्धत कधी होती?" आता जेवायला वाढतानाही सुनावते, "विषय पहिला, वालाची उसळ. अनुमोदन असेलच."

हेमचंद्र, तुला विरोधाची खाज आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता कळतं, तू अडवशील याची खात्री होती म्हणूनच मी बिनधास्त हो म्हणत आलो.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा
दौलत

ता. क. : खरं काम राहिलंच. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा आहे, नियमाने घ्यावीच लागते ती शेवटची. मागचं इतिवृत्त त्यात कायम झालं की संपलं. तुझी खोली अजून तुझ्याच नावावर आहे, तेव्हा तुला बोलायचा हक्क आहे. ये आणि विरोध कर. मी आरशासमोर उभा राहून प्रयत्न केला, पण माझ्या तोंडून "विरोध" निघतो तो विचारल्यासारखा. सभेत माझ्या नावाने काय बोलायचं ते बोल, मी मान खाली घालून ऐकेन.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायच्या आधी कमलने पत्र वाचलं. तिचा निरोप असा की, ठराव पडला आणि निवडणूक झाली तर ती स्वतः उभी राहणार आहे. सूचक माया. (होय, तीच.) मी लगेच अनुमोदन देऊ केलं. म्हणाली, "तुमचं नको, ते कुणालाही मिळतं." तिला तुझं हवं आहे, कारण तू जन्मात कुणाला दिलेलं नाहीस. तेव्हा येतोस की नाही ते लगेच कळव रे. तुझं उत्तर येईपर्यंत मी घरात तोंड उघडायचं नाही, असं ठरलं आहे. एकमताने.