माझ्या नावावरची तुझी जखम

जालना,
नोव्हेंबर १९९६

प्रिय बेबीनंदा,

चतुराबाईच्या हाती पाठवलेला तुझा निरोप मिळाला. “मदिनाआपाला म्हणा, झालं गेलं सोडून द्या.” वा गं शहाणे! भोकरदनला घरी बसून मला शिकवतेस? अम्मीनं ऐकलं आणि ती भडकलीच. अम्मीचा, म्हणजे जन्नतबीचा, राग तुला नवा नाही. दवाखान्यात तुझ्या खाटेशी ती तुझी आई होऊन बसली होती, ते नाटक ती अजून संपवायला तयार नाही.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. बियाणं साफ करायच्या यंत्राचा पट्टा सरकला, तू तो बसवायला गेलीस आणि पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मॅनेजरसाहेबांचं पहिलं वाक्य काय, तर ही शिकाऊ आहे, हिला विम्याच्या दवाखान्याचं कार्ड नाही. ते खोटंही नव्हतं. आयटीआयतून करारावर आलेली तू, कायद्यानं कामगार नव्हेसच, मग विमा कुठला! तेव्हा आपल्या पाळीतली चतुराबाई ओरडली, “पोरगी रगतानं भिजून राह्यली आन् तुम्ही कार्ड काय बघून राह्यले? मदिनाचं कार्ड न्हाई का?” आम्हा सगळ्याजणींना ते बिलकुल पटलं. एकीचा डबा दुसरीनं खायचा, एकीची ड्यूटी दुसरीनं करायची, ही आपल्या प्लांटची रीतच आहे. साहेबांनी तोंड फिरवलं. कार्डावरचा माझा फोटो तर इतका काळा की ती कुणीही असू शकली असती. रिक्षात मी तुझ्या कपाळावरची टिकली काढली, कार्डाच्या पाठीमागं चिकटवली आणि तुझ्या कानात सांगितलं, आता तू मदिना.

त्यानंतर माझी काय गंमत झाली, ते तुला पुरतं ठाऊक नाही. मदिना दवाखान्यात पडलेली, मग मी कामावर जाणार कशी? मी आपली घरात, पडद्याआड. बाजारात जायची चोरी. बाहेर कुणी आलं की माझा भाऊ चांदपाशा मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, “आपाची तब्येत कशी हाय?” आणि मी आत तोंडात पदर कोंबून हसायची. तुझ्या हाताचं बँडेज सुटेपर्यंतच ते हसू टिकलं.

पुढचं तू भोगलंसच. पाना पकडता येईना, आणि प्लांटनं लिहून टाकलं की मुलगी आपल्या मर्जीनं शिकणं सोडून गेली. युनियनच्या अप्पारावांनी परवा खरं काय ते सांगितलं. करारावरच्या शिकाऊला विमा नसतो, हे खरं. पण काम शिकताना इजा झाली, तर तिची भरपाई मालकानं द्यायची, हेही कायद्यात आहे. ते म्हणाले, “तवाच मला इचारलं असतं तर!” आपण कुणालाच विचारलं नव्हतं. आता प्लांट म्हणतो, आमच्याकडे कुणी शिकाऊ जखमी झालीच नाही, जखमी झाली ती मदिना, दवाखान्याला विचारा. तुझी जखम आपणच मायेनं माझ्या नावावर करून दिली, बेबी. मला याचा फार संताप येतो.

माझी नोकरी जाईल म्हणून तू सोडून द्यायला सांगतेस, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. नोकरी जाईल. दुसऱ्याला कार्ड दिल्याबद्दल वर आणखी काही होईल. मला भीती वाटते आहे, ती लपवत नाही. पण काल मी जबाब लिहून दिला, की माझ्या कार्डावर दवाखान्यात होतीस ती तू. तो आता मागे घ्यायचा नाही, म्हणूनच तुला विचारायच्या आधी देऊन टाकला. मंगळवारी भरपाईचं प्रकरण बघणाऱ्या साहेबांपुढं जायचं आहे. अर्जावर सही तुझीच लागेल, डाव्या हातानं कर. जखमी मदिना कोण, असं विचारलं की मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवणार आहे. दहाच्या दहा बोटं. शेजारी तू तुझा हात ठेव. सकाळच्या पहिल्या गाडीनं ये, अम्मी स्टँडवर उभी असेल. आणि कार्डामागची ती टिकली आता चिकटायची नाही. तेव्हा घरूनच टिकली लावून ये.

तुझीच,
मदिनाआपा