मटणाचं पातेलं

शनि., १३ सप्टें.
आईबाबा आजोबांच्या श्राद्धाला उज्जैनला. मला इंटर्नल परीक्षा, म्हणून घरी. दुपारी रेमी आली. वर्गातली, मिझोरमची. भंवरकुआंच्या हॉस्टेलात मेसची लौकी खाऊन कंटाळलेली. महूहून पोर्क घेऊनच आली.
आमच्याकडे मटण मागच्या अंगणात शिजतं, वेगळ्या पातेल्यात, फक्त बाबांच्या हातून. मी कधीची मागे लागलेय, एकदा मला करू द्या. उत्तर ठरलेलं: "बघू." आज काढलंच ते पातेलं.
"तेल मत डाल, इसका अपना निकलेगा," रेमी म्हणाली. खरंच सुटलं. आलं, लसूण, सोया सॉस. साखर संपलेली म्हणून गूळ. वर गरम भात. दोघींनी पातेलं पुसून खाल्लं. इतकं छान मी आजवर काही केलं नव्हतं.
आणि तेही पितृपक्षात. मी पण ना!

रवि., १४
पातेलं चिंच लावून लावून घासलं. वास गेला. बहुतेक.
संध्याकाळी आईबाबा परतले. जेवताना बाबांना सहज विचारलं, आपण पोर्क का नाही खात. घास तसाच राहिला त्यांचा. "मटण देवीला चालतं. ते नाव या घरात नको."
देवीला! खंडेनवमीला तलवारीपुढचा नैवेद्य याच पातेल्यातला. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

मंगळ., २३
नवीन पातेलं घेऊ म्हटलं. बाबा: "आजोबांनी आणलंय ते. तुझ्या लग्नातही त्यातच शिजेल."
सकाळी गुपचूप कचरागाडीत टाकलं. कॉलेजातून येते तर अंगणात पालथं. आई म्हणाली, "अगं, गाडीवाले भिया वापस देऊन गेले. दीदीने गलती से डाल दिया म्हणे. ध्यान कुठे असतं तुझं?"
देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणे! एक पातेलं फेकता येत नाही इथे. हसू येत होतं आणि रडूही.
रेमी म्हणते, "धो दिया ना? फिर?" तिला काय सांगू.

रवि., २८
यंदा नवमीचं मटण बाबा दादाला शिकवणार होते, पण त्याला पुण्यात सुट्टी नाही. बाबा एकदम म्हणाले, "नवमीचं या वर्षी मनू करेल."
आई बघतच राहिली. घराण्यात आजवर बाईने त्या पातेल्यात पळी घातलेली नाही. मी हो म्हटलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दैव देतं आणि कर्म नेतं.
सांगितलं तर बाबा पुन्हा कधी हात लावू देणार नाहीत. नाही सांगितलं तर आजोबांच्या तलवारीपुढे...

बुध., १ ऑक्टो.
अंगणातच बसून लिहितेय. बाबा केळीचं पान आणायला गेलेत.
चूल पेटवल्यावर धीर करून म्हटलं, "बाबा, या पातेल्यात मी..."
ते हसले. "घाबरू नको. पहिल्या वेळी माझं खाली लागलं होतं. आजोबांनी तसंच ठेवलं देवीपुढे, एक शब्द बोलले नाहीत. कांदा टाक."
टाकला.
आता मटण शिजत आलंय. चांगलं झालंय, न चाखता कळतंय. बाबांना आवडेल. तेच तर वाईट आहे.
फाटक वाजलं. बाबाच. सांगायचं तर पान मांडायच्या आत.