इंजिनाचे पाणी, विहीर आणि एक दाखला

मी, कुमारी इंद्रायणी आबाजी पडवळ, वय वर्षे चौसष्ट, पूर्वीचा व्यवसाय शिक्षिका, राहणार निगडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा असे वकिलांनी सुचवले, कारण एकट्या बाईने सख्ख्या भावाला वगळले की पहिली चौकशी तिच्या डोक्याची होते. मला कोणीही भरीस घातलेले नाही.

१९७३ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे माझा धाकटा भाऊ रंगराव आबाजी पडवळ यास दिले होते. त्याच्याकडे त्याची नक्कल आहे आणि ती त्याने जपून ठेवली असेल. आता ती चुलीत घालायला हरकत नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शालन वसंत ढमाले, राहणार तळेगाव दाभाडे, हिने करावी. ती माझी विद्यार्थिनी. आता स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. ती माझ्याशी वाद घालते, म्हणून तिला नेमले आहे.

२. निगडीचे दोन खोल्यांचे घर, पुढच्या मोकळ्या जागेसह, शालनला द्यावे. पोस्टातील शिल्लकही तिलाच. ती गाडीच्या डिझेलसाठी व दुरुस्तीसाठी आहे, दागिन्यांसाठी नाही.

३. गाडी. १९६८ साली शाळेतून मुदतीआधी निवृत्त होऊन मी लिलावात एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि चिंचवडला तिच्यावर नवी बॉडी बांधून घेतली. आत दोन झोपण्याच्या फळ्या, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि बाटल्यांचे कपाट. वर्षातले आठ महिने मी तिच्यात राहिले. चाकणपासून मावळापर्यंत गावोगावच्या विहिरींचे पाणी तपासून नोंदवहीत लिहिले. लोक तिला 'बाईंचा फिरता बंगला' म्हणत. बंगल्यात पाठ धरते आणि उन्हाळ्यात पापड भाजून निघतात, हे त्यांना माहीत नव्हते.

ही गाडी, हत्यारांची पेटी आणि नोंदवह्या शालनला द्याव्यात. गाडी मेस्त्रीच्या ताब्यात देऊन चहा प्यायला जायचे नाही. इंजिन थंड ठेवण्याचे काम मी सतत स्वतः केले, तिनेही करावे, ते असे.

इंजिन पूर्ण थंड असताना खालची तोटी सोडून रेडिएटरचे पाणी काढावे. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून आत भरावा, इंजिन वीस मिनिटे चालवावे, थंड होऊ द्यावे, आणि ते पाणी काढून स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे. हे दर दोन महिन्यांनी. रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. चिरा दिसल्या किंवा नळी मऊ पडली असली तर त्याच दिवशी बदलावी. पंख्याचा पट्टा अंगठ्याने अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग शालनने पाहिलेला आहे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचे तापमान राखणारी झडप, 'आपल्याकडे लागत नाही हो' म्हणून काढून देणारा मेस्त्री भेटेल. त्याला गाडीला हात लावू देऊ नये. रेडिएटर गळला तर कथलाचा डाग देऊन भोक बुजवावे, आत हळद टाकू नये. सगळे ड्रायव्हर टाकतात. हळदीने गळती थांबते, आणि पाठोपाठ आतले पाणीही फिरायचे थांबते.

पाणी क्षार नसलेले, गाळलेले, गोड विहिरीचे घालावे. ओढ्याचे घालू नये. आणि ते पाणी कोणी, कुठून, कसे आणले, हे विचारावे. हे शेवटचे वाक्य मी फार उशिरा शिकले. त्याचे कारण पुढील कलमात आहे. ते मृत्युपत्रात कशाला, असे वकील म्हणाले. माझे म्हणणे, दुसरीकडे कोठे लिहू?

४. १९६८ ते १९७४ माझ्या गाडीवर कोंडीराम भागूजी ओव्हाळ हा ड्रायव्हर होता. कोंडीराम बौद्ध. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठली नळी सैल आहे ते सांगायचा. हळद टाकायची नाही असे मी एकदा सांगितले. तो "बरं बाई" म्हणाला आणि सहा वर्षांत चिमूटभरही टाकली नाही. हे मी त्या दिवशी आठवायला हवे होते.

१९७४ च्या सप्टेंबर महिन्यात आमचा मुक्काम चाकणजवळच्या बोरजाईवाडीस, म्हणजे माझ्या जन्मगावी होता. गाडी देवळाच्या पटांगणात उभी. रेडिएटर थोडा गळत होता, रोज पाणी घालावे लागे. वडिलांच्या शेतातल्या विहिरीचे पाणी मी तपासले होते. त्या पंचक्रोशीत त्याच्याइतके गोड पाणी नाही. मी कोंडीरामला सांगितले, रोज सकाळी डबा भरून त्या विहिरीचेच पाणी आणायचे. आणि मी माझ्या बाटल्या घेऊन शेजारच्या गावांना निघून जात असे.

महिन्याअखेरीस आम्ही मावळात निघालो. कामशेतच्या पुढे चढाला कोंडीराम म्हणाला, "बाई, काटा लालात गेलाय. थांबवतो." मी म्हणाले, "चढ संपू दे. पुढच्या गावच्या शाळेत मुली पाणी तपासणं बघायला थांबल्यात." चढ संपण्याआधी इंजिन उकळले आणि हेड तडकले. रेडिएटर मी स्वतः उतरवून उघडला. नळ्यांत गाळ आणि शेवाळ भरलेले.

"पाणी कुठलं घातलंस?"

"वढ्याचं, बाई."

"मी विहिरीचं सांगितलं होतं ना?"

"व्हय. सांगितलं हुतं."

एवढेच बोलणे झाले. मी त्याला त्याच दिवशी काढून टाकले. त्याने दाखला मागितला, तर लिहून दिला, 'कामात निष्काळजी. दिलेल्या सूचना पाळत नाही.' काटा लालात गेल्याचे त्याने सांगितले होते आणि मी गाडी पुढे दामटली, हे त्यात लिहिले नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात गाडी खात्यात त्याचे नाव लागण्याच्या बेतात होते. माझा दाखला वाचून त्यांनी त्याला परत पाठवले. पुढे त्याने स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली केली.

५. १९८० साली रंगरावच्या मुलीच्या साखरपुड्याला मी वाडीस गेले. जेवणे झाल्यावर रंगरावने पाहुण्यांना हसवण्यासाठी एक गंमत सांगितली. "अक्काचा त्यो डायव्हर डबा घिऊन आपल्या विहिरीच्या काठावर येऊन हुबा. म्हनलं, बाबा, खाली वढा वाहतोय, त्यो काय कुनाच्या बापाचा न्हाई. तिथनं भर की!" पंगत हसली.

मी विचारले, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस? मी त्याला कामावरून काढलं."

"तुझी गाडी, तुझा डायव्हर. आमी कशाला मधी पडू?" आणि सुपारी कातरत पुढे म्हणाला, "आन् अक्का, तुला म्हाईत न्हवतं व्हय? वाढलीस हितंच की."

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. येथे देते. माहीत होते. लहानपणी त्याच विहिरीपासून दहा पावलांवर रिकामे हंडे घेऊन ताटकळणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या. पुण्याला शिकले, रसायनशास्त्राची पदवी घेतली, अस्पृश्यता बंदीचा कायदा झाला ते वाचले, आणि असे समजून चालले की पडवळांच्या मुलीने सांगितले की झाले. मी पाण्यातले क्षार मोजत होते. काठावरचा माणूस माझ्या नोंदवहीत नव्हता.

म्हणून शालनवर अट अशी की, यापुढे प्रत्येक विहिरीच्या नोंदीत एक रकाना जास्त आखावा: पाणी कोण भरतो, आणि कोणाला भरू देत नाहीत. हा रकाना रिकामा ठेवायचा नाही.

रंगराव यास मी काहीही देत नाही. चुकून, विसरून नव्हे, ठरवून. त्याला तहान लागली तर खाली ओढा आहे.

६. त्यानंतरच्या आठवड्यात मी चिंचवडला कोंडीरामच्या खोलीवर गेले. त्याने बसायला दिले. त्याची बायको तानुबाई उभीच राहिली.

मी म्हणाले, "तू मला का सांगितलं नाहीस?"

तो म्हणाला, "भनीम्होरं भावाचं नाव घ्यायचं म्हंजी भांडान लावल्यागत. आन् तुमी पानी कुठलं ते इचारलं, बाई. का, ते न्हाई इचारलं."

मी म्हणाले, गाडी तुझ्या नावावर करून देते. कोंडीरामच्या आधी तानुबाईच बोलली. "सा वर्सं ह्यांनी गोन्या उचलल्या. मान बगा, कशी झालीय ती. आन् आता गाडी देता व्हय? ठिवू कुठं, डोक्यावर? तिथं बी वझंच हाय."

"गाडी नको, बाई," कोंडीराम म्हणाला. "कागूद तेवढा दुरुस्त करा."

नवा दाखला मी लिहिला. त्यात त्याचे काम लिहिले आणि माझी चूक लिहिली. तो घेऊन मी स्वतः त्या कारखान्यात गेले. तेथील कारकुनाने दोनदा वाचला. "दाखला उत्तम आहे, मॅडम. पण आता यांचं वय उलटून गेलंय." कारकुनाचा दोष नाही. कागद मी बिघडवायचा तेव्हा बिघडवला. त्या दाखल्याची प्रत या मृत्युपत्राचा भाग समजावी.

७. वडिलांच्या पश्चात बोरजाईवाडीच्या जमिनीत माझ्या नावे अठरा गुंठे व विहिरीत चार आणे हिस्सा लागलेला आहे. विहिरीच्या पाळीपैकी दर आठवड्याचे दोन दिवस माझे आहेत. ते आजवर रंगरावने वापरले. ही अठरा गुंठे जमीन, विहिरीतील चार आणे हिस्सा, ते दोन दिवस, आणि विहिरीपर्यंत जाण्यायेण्याची वाट, हे सर्व मी कोंडीराम भागूजी ओव्हाळ यास व त्याच्या पश्चात त्याच्या वारसांस देते. शेतजमीन शेतकऱ्यालाच देता येते; त्याच्या नावे त्याच्या गावी थोडी वतनाची जमीन असल्याने तो कायद्याने शेतकरी आहे. वकिलांनी तपासले आहे. रंगरावने तपासत बसू नये.

हे लिहिण्यापूर्वी मी कोंडीरामला विचारले. न विचारता काही करण्याची माझी खोड गेली, असे नाही, पण या वेळी विचारले. तानुबाई म्हणाली, "आमास्नी हितं नळ हाय. हीर घिऊन काय लोनचं घालू?" कोंडीरामने तिला हाताने थांबवले. मग म्हणाला, "दान असंल तर नको."

"दान नाही."

"मग काय हाय?"

आयुष्यभर पोरींना व्याख्या घोकायला लावल्या, आता माझी पाळी होती. मी म्हणाले, "हिस्सा."

"मग लिवा," तो म्हणाला.

८. माझे दिवस घालू नयेत. दहाव्या दिवशी शालनने हे मृत्युपत्र घेऊन तलाठ्याकडे जावे आणि फेरफाराचा अर्ज द्यावा. पोच घेतल्याशिवाय उठू नये. तलाठी दोनचार वेळा परत पाठवील, जातच राहावे. रंगराव हरकत घेईल, तेव्हा कलम पाच मोठ्याने वाचून दाखवावे, शक्यतो चावडीवर, माणसे असताना.

नोंदीत, अर्जात किंवा बोलण्यात दान, बक्षीस, उपकार हे शब्द कोणीही वापरू नयेत. नोंद झाल्यावर उताऱ्याची नक्कल कोंडीरामच्या हातात द्यावी आणि निघावे. तो विहिरीवर जाईल की नाही, पाणी काढील की नाही, जमीन कसेल की विकेल, हे कोणी विचारू नये, आणि गाडीत बसवून त्याला तेथे नेऊन उभे करू नये. मला ते पाहण्याचा हक्क नाही, आणि मी मेल्यावर माझ्या वतीने दुसऱ्या कोणालाही नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, दोन ठिकाणी खोडला व खोडलेल्या ठिकाणी सही केली.

इंद्रायणी आबाजी पडवळ

आमच्या दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली. आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर साक्षीच्या सह्या केल्या.

साक्षीदार १. जयसिंग ज्योतीराम मोहिते, निवृत्त मुख्याध्यापक, चिंचवड
साक्षीदार २. मंजुळाबाई सोपानराव काळोखे, परिचारिका, तळेगाव दाभाडे

मुक्काम निगडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे
दिनांक ९ फेब्रुवारी १९८१