सोन्याच्या गावी गेलेल्या पाटल्या

रुवी, मस्कत
फेब्रुवारी २०१४

ती. सौ. वहिनींस धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला असेल तर श्रेय माझ्या आलेपाकाला द्यावं, डॉक्टरला नव्हे. इकडे सगळं ठीक, म्हणजे वरवर.

रेवाच्या लग्नात सासूबाईंच्या पाटल्या तिच्या हातात हव्यात (आपल्या घरची प्रत्येक मुलगी त्याच घालून बोहल्यावर चढली) हे मी विसरलेले नाही. म्हणूनच लिहिते आहे. फोनवर बोलत नाही, कारण तुमचा फोन नंदू उचलतो आणि मग ते साऱ्या आळीला कळतं.

शुक्रवारी शेजारचे, आपल्याच तालुक्यातले जहूरभाई आणि त्यांची खुदेजा आम्हां दोघांना गाडीतून यांकुलकडे एक ओसाड गाव बघायला घेऊन गेले. एके काळी तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती म्हणे. मला तेव्हाच काळंबेरं वाटलं. स्वतःचं पेट्रोल जाळून कोणी शेजाऱ्याला पडक्या भिंती दाखवतं का? (जन्म एसी दुरुस्त करण्यात गेला, या माणसाला एकदम इतिहास कुठून सुचला?) जुन्या खाणीच्या फाटकावर पाटी होती, ती ह्यांनी मोठ्याने वाचली: इथून काहीही बाहेर नेण्यास मनाई आहे. आणि माझ्या हातात पाटल्या. उद्या कोणी म्हणालं की हे इथलंच सोनं, तर पावती कुठून दाखवू? सासूबाईंनी का पावती दिली होती? मी गुपचूप पाटल्या काढून पर्समध्ये टाकल्या. पर्स तपासतील म्हणून रुमालात बांधून कमरेला खोचल्या, मग तिथून आणखी कुठेतरी. त्याच गडबडीत शेजारच्या बागेच्या मालकाने, म्हणजे तिथल्या अर्बाबने, कहवा पाजला (दूध नाही, साखर नाही, असल्या पाहुणचारावर कोण विश्वास ठेवील?) आणि घरच्या खजुराचा डबा हातात दिला. जहूरभाई मात्र एकटेच ढिगाऱ्यामागे गेले, खिशात हात घालून परतले, अर्बाबशी अरबीत काहीतरी कुजबुजले आणि लगेच म्हणाले, "यल्ला, निघू या वहिनी."

घरी येऊन बघते तर पाटल्या नाहीत. ह्यांना सांगायची सोय नाही, हे जहूरभाईंना सख्ख्या भावासारखं मानतात. वहिनी, मला रडू येतं. रेवाचे रिकामे हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

जहूरभाई काल सुट्टीवर गावी गेले. संशय दिसू नये म्हणून तो खजुराचा डबा मी तुमच्यासाठी त्यांच्याचबरोबर पाठवला. खुदेजा गुरुवारी निघते आहे, मग रविवारी दोघं तुमच्याकडे येतील. त्यांच्या खिशावर नजर ठेवा. हे पत्र खुदेजाच आणते आहे, तेव्हा पाकिटाचा डिंक नीट तपासून घ्या.

तुमची,
मंगला

ता. क. पाकीट मीच फोडलं. आत्ता पर्समधला रुमाल धुवायला काढला तर खजुराने चिकट झालेला. वहिनी, पाटल्या डब्यात आहेत. मीच तळाशी खुपसल्या आणि घाबरून विसरले. म्हणजे आपलं सोनं जहूरभाईंनीच जपून नेलं आहे. त्यांना जेवल्याशिवाय सोडू नका, कोलंबीचं कालवण करा. वरचा मजकूर वाचून चुलीत घाला.

आणखी एक. ढिगाऱ्यामागे का गेले होते, ते ह्यांनी सांगितलं. त्या कहव्याचे पेले जरा जास्त झाले होते. माणूस अगदी देवासारखा आहे. तरी ताट मात्र पाटल्यांचं वजन करून झाल्यावरच वाढा.