बसण्याचे दिवस

५ ऑगस्ट
वकारभाई गेले. सालेहा मॅडमचे मिस्टर. घड्याळांचं दुकान बंद करून घरी येत होते, वाटेतच कोसळले. आज मॅडमना माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण दाखवायचं होतं. बॅगेत तसंच आहे.
त्यांच्या घरी बायकांच्या खोलीत जाऊन बसले. मॅडमनी हाताने जवळ बोलावलं.

८ ऑगस्ट
मुस्लिम देशांच्या अभ्यास केंद्राच्या संचालकपदासाठी मॅडमची मुलाखत २९ तारखेला, लातूरला!
हे केंद्र मॅडमनी उभं केलंय. मलेशियातल्या बिनव्याजी बँका, तुर्कस्तानच्या निवडणुका, सुदानमध्ये सरकार बदललं की बँकांचे नियम कसे फिरतात — सगळं नांदेडच्या दोन खोल्यांत. मी मुखेडकडच्या खेड्यातून आले तेव्हा मला नकाशात सुदान सापडत नव्हता. आमच्या घरात बी.ए. झालेलीही मीच पहिली.
चुलतभाऊ सत्यम अजून चिडवतो, 'अरबांच्या बँकेत नोकरी लागणार का गं बाई?' एकदा मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, 'दुसऱ्याचं घर नीट पाहून ये, मग आपलं दिसायला लागतं.'

११ ऑगस्ट
मॅडमची नणंद नाझनीनआपा दारातच म्हणाल्या, भाभी इद्दतीत बसल्यात. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घर सोडायचं नाही.
म्हणजे मुलाखत?
दुसरे उमेदवार लातूरचे गुरुलिंग सर. आखातात गेलेल्या मजुरांच्या कमाईवर त्यांचं काम आहे. माणूस वाईट नाही. पण केंद्र लातूरला नेणार, हे ते उघड सांगतात.

१५ ऑगस्ट
आज मी मॅडमशी भांडलेच. म्हणाले, 'मॅडम, गरजेला दिवसा बाहेर जायची सवलत आहे. तुम्हीच सांगितलं होतं वर्गात.'
'आहे. मला ती नकोय.'
'पण केंद्र जाईल!'
'वकारसोबत सव्वीस वर्षं काढली, बेटा. त्यातले किती दिवस घरी होते मी? कधी परिषद, कधी परीक्षा. आता हे दिवस त्याचे.'
मला ते पटलं नाही. रागाच्या भरात बोलून गेले — 'माझे अप्पा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मी एम.ए.चा पेपर दिला. सुतक चालू असताना. काम थांबवलं नाही मी.'
मॅडम हळूच म्हणाल्या, 'मग रडलीस कधी?'
काय प्रश्न आहे हा. उठून आले.

२१ ऑगस्ट
मॅडमना न विचारताच निवड समितीला विनंती केली. मॅडमनी घरीच बसायचं, संगणकावरून मुलाखत घ्यायला ते तयार झाले! जवळजवळ पळतच मॅडमकडे गेले.
त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'पडद्यासमोर बसले तरी इथून उठलेच ना मी.'
एवढी शिकलेली बाई! मला काहीच कळेनासं झालंय.

२९ ऑगस्ट
गुरुलिंग सर.

८ सप्टेंबर
टेम्पो आला. केंद्राची पुस्तकं लातूरला गेली. सर फोनवर म्हणाले, तुझी जागा राखून ठेवलीये, मॅडमच मार्गदर्शक राहतील. आवाज ओशाळा होता. खोलीच्या भिंतीवर नकाशाचा फिकट चौकोन उरलाय.

१४ सप्टेंबर
गावी आले. मायला सगळं तावातावाने सांगितलं. वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. ती भाकरी थापायची थांबली.
'येवढे दिस? नुसतं बसायचं? कुणी कामाला लावत न्हाई?'
'नाही.'
'कुणी नावं ठिवत न्हाई?'
'उलट बायका येऊन स्वयंपाक करून जातात.'
तवा तापून धूर निघायला लागला, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, मला घेऊन चल त्या बाईकडं.

२२ सप्टेंबर
माय नांदेडला आली. पदराखाली डब्यात शेंगदाण्याची चटणी. मॅडमच्या पांढऱ्या ओढणीकडे बघत खाली सतरंजीवरच बसली. मॅडमही पलंगावरून उतरून शेजारी बसल्या.
मी चहा घेऊन आले तेव्हा माय सांगत होती — 'तेरवी झाली अन् दुसऱ्या दिशी इळा हातात. सोयाबीन हुभं होतं. लोक म्हनले, तारामती खमकी हाय. मला बसू दिलं न्हाई, बाई, कुणी.'
मीही तेच म्हटलं होतं. खमकी. सगळ्या मैत्रिणींना अभिमानाने सांगत होते.
चहा कुणी प्यायलं नाही.

६ ऑक्टोबर
अप्पांना जाऊन आज वर्ष झालं. सोयाबीन उभं आहे. सत्यम कापणीसाठी दोनदा हाक मारून गेला. मी दार लोटून घेतलं. माय भिंतीला टेकून बसलीये, तिच्या मांडीवर माझं डोकं. आम्ही दोघी आज उठणार नाही.